एका ओळीत दोन बहिणी

मी एक जुने गाणे आहे, मित्रांनो. खरे तर गाण्याची फाईल. पण माझ्या पोटात आवाज आहेत, म्हणून मी स्वतःला गाणेच म्हणवून घेते.

माझा जन्म ऑस्ट्रेलियाच्या मधोमध, लाल मातीच्या मुलखात, आमच्या वस्तीच्या रेडिओ केंद्रात झाला. पत्र्याची खोली, बाहेर भुंकणारी कुत्री आणि आत माइकसमोर दोन बहिणी. गाता गाता त्या मध्येच हसल्या. निवेदक नेव्हिलने ते हसू पुसले नाही, याबद्दल मी आजही त्याचे उपकार मानते.

माझ्यासोबत एक चिठ्ठी असते. तिला टॅग म्हणतात. डब्यावर आत काय आहे ते लिहितात, तशी. गायकाच्या जागी नेव्हिलने दोघींची नावे एकाच ओळीत लिहिली आणि मध्ये तिरकी रेघ मारली. माणसाला त्यात दोन बायका दिसतात. संगणकाला लांबलचक नावाची एकच बाई दिसते. पण तेव्हा कोणाचे काही अडले नाही. फुटबॉलच्या मैदानावर, शाळेत, गाड्यांमध्ये मी वाजत होते. माझा थाट काय विचारता!

मग थोरली बहीण वारली. तिचे नाव मी सांगणार नाही. आमच्याकडे गेलेल्या माणसाचे नाव कोणी उच्चारत नाही. त्याच्या जागी 'कुमनजाई' म्हणतात. तिचा आवाजही घरच्यांना सोसवेना, म्हणून मला गप्प बसवले. ते मला जड गेले, पण योग्यच होते.

काही वर्षांनी घरच्यांनी बसून ठरवले, की गाणे वाजू दे, नाव मात्र नको. नेव्हिलने संगणकाला सांगितले, या नावाच्या जागी 'कुमनजाई' लिही. संगणकाने सबंध ओळ पुसून तो एकच शब्द ठेवला. धाकटी मर्टल जिवंत असून तीही पुसली गेली.

थोरलीची मुलगी रोझलिन दूरच्या वस्तीत राहते. आमच्यात मावशीला धाकटी आईच म्हणतात. रोझलिनने फोनवर मला लावले आणि पाहते तर काय, धाकट्या आईचे नाव नाही! तिने मर्टलला फोन केला, तो नेहमीसारखा बंद. तिने मला तिथेच थांबवले, चेहऱ्याला शोकाची पांढरी माती फासली आणि गाडी काढली. 'अगं, ती जिवंत आहे' असे ओरडून सांगावेसे मला वाटत होते. पण आम्हा फायलींना तोंड असते ते फक्त गाण्यापुरते.

मर्टल अंगणात चहा पीत बसली होती. रोझलिन हंबरडा फोडतच गाडीतून उतरली.

"काय गं, कोण गेलं?" मर्टलने विचारले.

"तू!"

"मी? आणि मलाच कुणी सांगितलं नाही? मग हा चहा संपवू की नको?"

रोझलिन तिच्या गळ्यात पडली. "हसू नकोस गं. वाटभर मला आई नव्हती."

मर्टल हसायची थांबली. तिने स्कर्टच्या टोकाने पोरीच्या तोंडावरची माती हळूहळू पुसली. मग दोघी तडक रेडिओ केंद्रात गेल्या.

"काय रे नेव्हिल, मला पुरून मोकळा झालास? निदान रडायला तरी यायचं होतंस!"

नेव्हिलने पडद्यावर पाहिले आणि कपाळावर हात मारला. "आत्या, तुमची नावं मीच चिकटवून लिहिली होती. संगणकाला तुम्ही दोघी एकच वाटलात."

"एकच होतो रे," मर्टल म्हणाली. "पण गेली ती एकटीच."

नेव्हिलने माझी चिठ्ठी उघडली आणि गायकाच्या जागेत दोन वेगळ्या ओळी केल्या. एका जागेत अशी अनेक नावे सुटी सुटी ठेवता येतात, हे त्याच्या ध्यानात यायला एवढे रडणे लागले. वरच्या ओळीत कुमनजाई आले, खालच्या ओळीत मर्टल.

मित्रांनो, नावे लिहिताना घाई करू नका. जागा वाचवायला दोन माणसे एका ओळीत कोंबू नका. एकाचे नाव झाकायची वेळ येते, तेव्हा शेजारच्याला जिवंत राहायला जागा लागते. आणि कधी मला वाजवलेत, तर एवढे करा. खालची ओळ मोठ्याने वाचा.