पाहुण्यांचं ऊन

आमच्या थोरल्या नातवाची सुंता झाली, त्याच वर्षी चेरी उतरवायच्या दिवसांत इद्रिस आणि सुकैना लग्न करून आमच्या समोरच्या दारात राहायला आले. मोरोक्कोतल्या आमच्या सफ्रू गावाच्या वरच्या अंगाला तेव्हा नव्या इमारती उठत होत्या. इद्रिस पाण्याच्या मोटारी दुरुस्त करायचा. सुकैना इथल्या बहुतेक बायकांसारखी सुईने जेलाब्याची, म्हणजे आमच्याकडच्या लांब झग्याची, रेशमी बटणं विणायची. दोघं कष्टाळू, दोघं हसरी. जिन्यात भेटली की सलाम केल्याशिवाय पुढे जायची नाहीत.

घर लहान होतं. दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि न्हाणी. एक खोली मोठी, दोन खिडक्यांची, दक्षिणेकडे तोंड केलेली. हिवाळ्यातसुद्धा तिच्यात दिवसभर ऊन. दुसरी खोली मागची. तिची एकच खिडकी इमारतीच्या मधल्या अरुंद पोकळीत उघडायची. त्या खिडकीतून सगळ्यांच्या घरच्या तळलेल्या माशांचा वास यायचा, उजेड मात्र यायचा नाही.

आता तुम्हीच सांगा, नव्या जोडप्याने कोणत्या खोलीत राहावं? प्रश्नच वेडगळ वाटतो ना? पण आमच्याकडे त्याचं उत्तर फार आधीपासून ठरलेलं आहे. मोठी खोली पाहुण्यांची! इद्रिसची आई, लल्ला झहूर (मोठ्या बाईला आम्ही मानाने लल्ला म्हणतो), लग्नाआधीच फेस शहरातून येऊन ती बैठक सजवून गेल्या होत्या. तीन भिंतींना लागून लाकडी बाकं, त्यांवर लोकरीच्या जाड गाद्या, गाद्यांना जरीच्या खोळी, खोळींवर धूळ बसू नये म्हणून पांढऱ्या चादरी. दाराला कुलूप. आणि किल्ली लल्ला झहूर यांच्या गळ्यातल्या दोऱ्याला.

"तुम्ही पोरं आहात," त्या म्हणाल्या होत्या. "किल्ली ठेवली तर चार दिवसांत गादीवर बसून मासे खाल. पाहुणा यायचा असला की मला कळवा, मी येते."

पाहुणे आले नाहीत असं नाही. सुकैनाचा भाऊ आला, पण तो घरचाच म्हणून मागच्या खोलीत बसला. इद्रिसचे मित्र आले, पण त्यांच्या कपड्यांना ग्रीस म्हणून ते स्वयंपाकघरात उभ्यानेच चहा प्याले. खुद्द लल्ला झहूर महिन्याने आल्या, त्याही मागच्याच खोलीत टेकल्या. "मी काय पाहुणी आहे?" म्हणाल्या. ज्याच्यासाठी ती खोली थांबली होती, असा पाहुणा सगळ्या सफ्रूत कोणी नव्हता!

हिवाळ्यातला पाऊस सुरू झाला तशी मागच्या खोलीची भिंत ओली झाली. आधी कोपऱ्यात, मग पलंगामागे, मग छतापर्यंत काळी बुरशी चढली. सुकैना चुना लावायची, आठवड्यात बुरशी पुन्हा वर यायची. बटणांच्या रेशमाला डाग पडायला लागले. त्यातच तिला दिवस गेले होते, आणि पाचव्या महिन्यात तिला खोकला लागला. रात्री जिन्यापलीकडून तो मला ऐकू यायचा. कोरडा, न थांबणारा.

आरोग्य केंद्रातल्या सुईणीने तिची छाती तपासली आणि विचारलं, "झोपतेस कुठे?" सगळं ऐकून घेतल्यावर ती म्हणाली, "औषध देते. पण खोली बदलली नाहीस तर औषध पाण्यात. तुला पुढे जड जाईल, आणि बाळालाही."

त्या संध्याकाळी नवरा-बायकोत पहिला वाद झाला. आमच्या इमारतीच्या भिंती पातळ आहेत.

"आईंना सांग ना किल्ली पाठवायला," सुकैना म्हणाली.

"आणि काय सांगू? की तुझी सून जरीच्या गाद्यांवर झोपणार आहे?"

"गाद्या बाजूला ठेवू. मी जमिनीवर झोपते. मला ऊन हवंय, जरतार नको."

"अगं, ती लोकर आईने नदीवर स्वतः धुतलीय. बोटं सुजली होती तिची. तिला काय वाटेल?"

"आणि मला काय वाटतंय?"

इद्रिस उठून जिन्यात गेला. तो वाईट नव्हता. बायकोवर त्याचा जीव होता. दुसऱ्याच दिवशी त्याने तिच्यासाठी मध आणला, लोकरीची शाल आणली. सगळं आणलं, फक्त एक किल्ली आणायचं धैर्य त्याला झालं नाही. बंधूंनो, भगिनींनो, आपल्यातले कितीतरी भले लोक असेच असतात!

आमच्या गच्चीवर तळमजल्यावरची लल्ला तामो रोज सकाळी लोणच्याची लिंबं वाळवायला यायची. विधवा बाई, मुलं परदेशी, जीभ तिखट. एका थंड सकाळी तिला सुकैना दिसली. डोक्यावरून शाल, मांडीवर रेशमाची गुंडी, वाऱ्याने लाल झालेली बोटं, आणि दर दोन टाक्यांनी खोकला.

"काय गं पोरी, इथे वाऱ्यात काय करतेस? घरात ऊन येत नाही?"

"येतं की, लल्ला. पण ते पाहुण्यांचं आहे."

सुकैना हसून बोलली, पण तिचे डोळे भरले होते. लल्ला तामोने हातातलं लिंबू टोपलीत टाकलं. "तुझी सासू कधी येणार आहे?"

"शुक्रवारी. कुसकुस खायला."

"ठीक," ती म्हणाली, आणि खाली निघून गेली.

शुक्रवारची नमाज झाल्यावर लल्ला तामो माझ्या दारात उभी. अंगात ईदचा जेलाबा, डोक्याला रेशमी रुमाल, काखेत निळ्या कागदातला साखरेचा उभा सुळका. लग्नाची मागणी घालायला जाताना नेतात तसला. "चल," म्हणाली. "मला एकटीला जायला लाज वाटते." तिला आयुष्यात कधी लाज वाटल्याचं कोणी पाहिलं नव्हतं. मी गेले.

दार लल्ला झहूरनी उघडलं. लल्ला तामोने साखर दोन्ही हातांनी पुढे केली.

"अल्लाची पाहुणी आले आहे," ती मोठ्याने म्हणाली. "नव्या घराला आशीर्वाद द्यायला. बसवून घ्याल ना?"

लल्ला झहूर साखरेकडे बघत राहिल्या, मग त्या जेलाब्याकडे. अशा पाहुणीला मागच्या खोलीत नेणं म्हणजे सगळ्या जिन्यात नाव घालवणं. त्यांचा हात आपोआप गळ्यातल्या दोऱ्याकडे गेला. कुलूप निघालं, चादरी निघाल्या, आणि दार उघडताच एवढं ऊन अंगावर आलं की सगळ्यांनी डोळे मिटले!

लल्ला तामो मधोमध बसली, मांडी घालून, अगदी ऐसपैस. "इद्रिस, बाळा, चहा सांग. आणि सुकैना कुठाय? बोलवा तिला. इथे बस, माझ्याजवळ."

सुकैनाने सासूकडे पाहिलं.

"बस गं," लल्ला तामो म्हणाली. "पाहुणीचा शब्द मोडायचा नसतो, हो ना लल्ला झहूर?"

सुकैना उन्हात बसली.  पुदिन्याचा चहा आला. लल्ला तामोने घोट घेतला, गादीवरून हात फिरवला.

"लोकर चांगली आहे. हाताने धुतलेली."

"नदीवर," लल्ला झहूर अभिमानाने म्हणाल्या. "मशीनमध्ये घालू दिली नाही."

"माझीही अशीच होती. खाली जुन्या गल्लीत आमचं घर होतं तेव्हा. मोरपंखी खोळी होत्या. माझा हम्मादी कातडं कमावायचा, दिवसभर थंड पाण्यात पाय. संध्याकाळी म्हणायचा, तामो, जरा बैठकीत पाठ टेकू दे, तिथे ऊब असते. मी म्हणायचे, वास लागेल खोळींना. पाहुणे काय म्हणतील? मग तो मागे स्वयंपाकघराशी पडायचा. एवढी वर्षं त्याने एकदाही भांडण केलं नाही."

 तिच्या आवाजातला तिखटपणा गेला होता.

"तो वारला तेव्हा लोक म्हणाले, मयत कुठे ठेवायची? मी म्हटलं, बैठकीत ठेवा, तीच मोठी आहे. आंघोळ घालून, पांढऱ्यात गुंडाळून त्याला त्या खोलीत आणलं. तेव्हा पहिल्यांदा माझा नवरा माझ्या चांगल्या खोलीत आडवा झाला, लल्ला झहूर! आणि गल्लीतला एकेक माणूस येऊन त्या गाद्यांवर बसला. मी त्या दिवशी विचार करत होते, या सगळ्या लोकांसाठी मी त्याला आयुष्यभर थंडीत ठेवलं. त्यांच्यातल्या निम्म्यांची मला नावं माहीत नव्हती."

इद्रिसने चहाचा पेला खाली ठेवला. सुकैनाला खोकल्याची उबळ आली. तिने तोंडावर शाल दाबली, पण ती थांबेना. लल्ला झहूरनी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि तो हात तसाच राहिला. इतक्या जवळून त्यांनी तो खोकला पहिल्यांदाच ऐकला असावा.

"हा कधीपासून?"

"पाऊस लागल्यापासून, आई," इद्रिस म्हणाला. त्याचं तोंड उतरलं होतं. "सुईण म्हणाली, त्या खोलीत झोपू नका. मी तुला सांगितलं नाही. मला वाटलं, तुझी मेहनत..."

"गाढवा!" लल्ला झहूर ओरडल्या. "माझी मेहनत? मी लोकर कशाला धुतली? भिंतीला गरम ठेवायला?"

मग त्या मटकन खाली बसल्या, आणि इतका वेळ चढलेला आवाज खाली आला. "तुम्ही मला हसाल. पण माझ्या थोरल्या मुलीची मागणी आली ना, तेव्हा आमच्याकडे एकच खोली होती. शेजारणीची बैठक मागून घेतली. तिने दिली. पण पाहुण्यांसमोर म्हणाली, जरा जपून बसा, गाद्या माझ्या आहेत. मी तेव्हा ठरवलं होतं, माझ्या मुलाच्या घरात अशी बैठक असेल की कोणाच्या बापाची बोलायची टाप होणार नाही."

"झाली की," लल्ला तामो म्हणाली. "बघा, मी बसलेय. काही बोलले?"

"तुम्ही बोलायचं काय ठेवलंय!"

सगळे हसले. सुकैनासुद्धा, खोकत खोकत. लल्ला तामोने पुढे वाकून लल्ला झहूर यांचा हात धरला.

"ऐका माझं. पाहुण्याला मान द्यावाच. तो अल्लाने पाठवलेला असतो. पण ही पोरगीही त्यानेच पाठवलीय ना तुमच्या दारात? स्वतःच्या आईचं घर सोडून आलीय. आणि तिच्या पोटात जो आहे, त्याने तर अजून या जगात पाऊलही टाकलेलं नाही. त्याच्याहून मोठा पाहुणा तुम्ही कुठून आणणार?"

 लल्ला झहूरनी दोरा डोक्यावरून काढला, किल्ली सोडवली आणि सुकैनाच्या मुठीत दाबली. मग बाह्या वर केल्या.

"इद्रिस! उठ, पलंग आण इकडे. खिडकीपासून हातभर लांब, वारा लागायला नको. आणि त्या ओल्या खोलीत तुझी हत्यारं ठेव, लोखंडाला कुठे खोकला होतोय!" दारापर्यंत जाऊन त्या वळल्या. "पण सूनबाई, जरीच्या खोळी शुक्रवारी घालायच्या हं. रोज नाही."

"घालीन, आई," सुकैना म्हणाली, आणि तिने सासूच्या खांद्यावर डोकं टेकलं.

खोकला लगेच गेला नाही. हळूहळू उतरला. चेरीची झाडं फुलली तेव्हा सुकैनाला मुलगी झाली, सुखरूप, आवाज असा की तळमजल्यापर्यंत जाग यावी. नाव ठेवायच्या दिवशी सगळी इमारत त्या बैठकीत दाटीवाटीने बसली. पाळण्याशेजारी पाहुणे बसले, पाहुण्यांशेजारी बटणांची टोपली पडली होती, आणि कोणाचाही मान कमी झाला नाही. जरीच्या एका खोळीवर पोरीने लवकरच डाग पाडला. लल्ला झहूर तो डाग आल्यागेल्याला दाखवायच्या आणि म्हणायच्या, "बघा, माझ्या नातीचं काम!"

त्या वर्षानंतर आमच्या जिन्यातली आणखी तीन-चार कुलपं निघाली. कोणी भाषण केलं नाही. एकीने दुसरीचं बघितलं, एवढंच. मीही माझ्या बैठकीत आता दुपारची झोपते, आणि डोळे मिटण्याआधी त्या तिखट जिभेच्या बाईचे मनात आभार मानते.

वाचकहो, आपल्या घरातली सगळ्यात चांगली खोली, चांगलं भांडं, चांगला शब्द आपण कोणासाठी राखून ठेवतो? जे कधीतरी येतील त्यांच्यासाठी! आणि जे रोज आपल्यासोबत राहतात, त्यांना उरलेलं देतो. पाहुणचार जरूर करा. पण तो घरातल्या माणसांपासून सुरू करा, आणि ती चालती-बोलती असतानाच करा. नंतर त्यांना त्याचा उपयोग नसतो.

लल्ला तामो गेल्या वर्षी रमजानची ईद झाल्यावर पहिल्या सोमवारी दुपारी वारली.