झऱ्यावरून परतलेली घागर

मी एक मातीची घागर. थीब्ज नगरात मला 'संस्थापकाची घागर' म्हणायचे, देवळात उंचावर ठेवायचे, सणाला हार घालायचे. तेव्हा मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

मी जन्मले दूर टायरला, समुद्राकाठी. बत्नोआम नावाच्या विधवेने मला घडवलं. तिचा एकुलता एक मुलगा साकोन राजपुत्र कॅडमसबरोबर गलबतावर निघाला, तेव्हा तिने मला त्याच्या खांद्यावर ठेवलं. म्हणाली, "वेळेवर जेव रे, आणि राजपुत्राची साथ सोडू नकोस."

देवाने कॅडमसला सांगितलं होतं, वाटेत भेटेल त्या गायीच्या मागे जा, ती जिथे बसेल तिथे नगर वसव. चालून चालून गाय एकदाची बसली. पूजेला पाणी हवं होतं. कॅडमस सावलीत टेकला आणि साकोनला व इतर सोबत्यांना त्याने झऱ्यावर धाडलं. तिथे एक प्रचंड सर्प होता. त्याने एकालाही सोडलं नाही. मी गवतात पडले, म्हणून वाचले.

नंतर कॅडमसने सर्पाला मारलं, मला उचलून आणलं, नगर उभारलं. गाणी झाली ती सर्पाला मारल्याची. झऱ्यावर आधी कोण गेलं होतं, हे कुणी विचारलं नाही. त्यानेही सांगितलं नाही. माझ्याकडे बघणं मात्र तो टाळायचा.

एका स्थापनेच्या सणाला, पंगती बसलेल्या असताना, थेट टायरहून आलेली बत्नोआम माझ्यासमोर येऊन उभी राहिली. पार वाकलेली. माझ्या कानाशी उमटलेला स्वतःच्या अंगठ्याचा ठसा तिने चाचपला.

"माझा साकोन कुठाय?"

"मावशी, तो माझ्या खांद्याला खांदा लावून लढला," कॅडमस म्हणाला. "वीरासारखा गेला."

"साकोन? अरे, पाल दिसली तरी माझ्यामागे लपायचा तो! गाणी कसली ऐकवतोस मला?"

"ए म्हातारे, कुणाशी बोलतेयस?" एक सरदार खेकसला. कॅडमसने त्याला हाताने थांबवलं. त्याची मान खाली गेली होती.

"मी त्याला पाण्याला धाडलं, मावशी. किंकाळ्या ऐकू आल्या, तरी मी लगेच उठलो नाही. भ्यालो. वाटलं, एवढे जण आहेत, बघतील ते."

पंगतीत कुणी घास उचलेना.

"तोही भ्यालाच असेल रे," बत्नोआम म्हणाली. "पण त्याला सावलीत बसून राहायला मिळालं नाही."

तिने मला स्वतः खाली उतरवलं आणि झऱ्यापाशी नेऊन ठेवलं. परत न्यायला कॅडमसने कुणाला पाठवलं नाही.

आता वाटसरू माझ्यातलं पाणी पितात. त्या दिवशी मी रिकामीच वाचले, याची लाज अजून जात नाही. तुम्ही कधी इकडे आलात तर पोटभर प्या. फक्त ओंजळ धरण्याआधी एकदा 'साकोन' म्हणा. त्याच्या आईनंतर हे नाव इथे कुणी घेतलेलं नाही.