टिचकीच्या हाती न लागणारं बटण

टिचकीचं खरं नाव वेगळं होतं, पण ते आता फक्त दवाखान्याच्या फाइलवर उरलं होतं. पायावर उभी राहायला लागल्यापासून पोरीने घरातलं एकही बटण सोडलं नव्हतं. दिव्याचं, मिक्सरचं, आजोबांच्या शर्टाचंसुद्धा. एक बोट पुढे, जीभ बाहेर, आणि टिच्. म्हणून टिचकी.

या सगळ्यांत तिचं लाडकं बटण होतं आईच्या कॉम्प्युटरचं. कॅबिनेट टेबलाखाली जमिनीवर, बटण समोर, बरोबर टिचकीच्या नाकापाशी, आणि वर निळं लुकलुकणारं. हे ज्याने बनवलं त्याला मूलबाळ नसणार याबद्दल टिचकीच्या आईला शंका नव्हती.

टिचकीची आई घरी बसून घरांचे नकाशे काढायची. आर्किटेक्टबाईंनी पेन्सिलीने खरडलेले कागद यायचे, त्यातून ती भिंती, दारं, खिडक्या मापात बसवून द्यायची. एखादी भिंत सरळ व्हायला आणि खालून टिच् व्हायला एकच गाठ पडायची. पडदा काळा व्हायचा आणि टेबलाखालून विजयी आरोळी यायची, "गेऽऽलं!"

उपाय करून झाले होते. टिचकीच्या बाबांनी सेटिंगमध्ये जाऊन, बटण दाबलं तरी काही होणार नाही अशी सोय केली. दोन दिवस शांततेत गेले. मग पोरीला शोध लागला की दाबून धरलं की बंद होतंच. बटणावर पुठ्ठा चिकटवला, तो तिने सोलला आणि थोडा खाल्लाही. समोर उशी लावली, तर उशीवर आरामात बसून बटण दाबायची सोय झाली. प्रोग्राम आपोआप सेव्ह करतो म्हणतात, पण जे जायचं ते नेमकं शेवटचं, जिवावर येऊन केलेलं काम जायचं.

शेवटी एका सकाळी आर्किटेक्टबाईंचा फोन आला. "अगं, त्या वेळी स्वयंपाकघर गेलं, मागच्या वेळी गच्ची गेली. मला घर बांधायचंय, पाडायचं नाहीये. जिन्याचं ड्रॉइंग उद्या संध्याकाळपर्यंत हवं. नाही आलं तर मी दुसऱ्या मुलीला देईन, आणि मग पुढची कामंही तिच्याकडेच जातील. राग मानू नकोस हं."

बाई ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्या इतक्या मायेने बोलल्या की टिचकीच्या आईला भांडताही येईना. ती फोन ठेवून वळली, तर टिचकी कॅबिनेटला पाणी पाजत होती. स्वतःच्या पेल्यातून, वरच्या जाळीतून, अगदी प्रेमाने. पेला काढून घेईपर्यंत आतून 'फट्' झालं आणि जळका वास सुटला.

"गेऽऽलं," टिचकी म्हणाली. या वेळी तिलाही जरा धास्ती वाटली असावी, कारण आरोळी बारीक निघाली.

धावून आले ते भावजी, म्हणजे टिचकीचे काका. घरात त्यांना सगळे सल्लागार म्हणत. त्यांनी आजवर एकही कॉम्प्युटर विकत घेतला नव्हता, पण दुसऱ्यांनी घेतलेल्यांचे व्हिडिओ पाहण्यात त्यांचा हात कुणी धरला नसता. मात्र हातात स्क्रूड्रायव्हर आला की माणूस खरंच कामाचा. त्यांनी बाजूचा पत्रा उघडला, सगळं पुसलं, वाळवलं, नाक आत घालून हुंगलं.

"पॉवर सप्लाय गेला, वहिनी, वीज पुरवणारी पेटी. बाकी मंडळी सुखरूप आहेत."

"मग नुसता सप्लाय आणू?"

"चांगला सुटा घ्यायला गेलात तर तेवढ्याच पैशांत सप्लायसकट अख्खं कॅबिनेट येतं. साधंसं. आणि हे आता गंजणारच आहे." मग त्यांचे डोळे चमकले. "काचेचं घेऊ या. पुढे तीन पंखे, तिन्हीत रंगीत दिवे!"

 टिचकीच्या आईच्या डोक्यात एकच प्रश्न होता, आणि तो दिव्यांचा नव्हता.

दुकान लांबट, अरुंद होतं. दोन्ही बाजूंना कॅबिनेटं एकावर एक रचलेली, मध्ये एक माणूस जेमतेम जाईल एवढी वाट. टोकाला काउंटर आणि काउंटरमागे कपाळावर चष्मा चढवून चष्मा शोधणारा दुकानदार.

"सप्लायसकट, स्वस्तातलं," भावजींनी ऑर्डर सोडली. "पण दिसायला भारी."

"सगळ्यांना तेच हवं असतं," दुकानदार म्हणाला आणि काचेचं कॅबिनेट पुढे ओढलं. दिवे लागले. लाल, हिरवे, जांभळे. भावजींच्या चेहऱ्यावरही ते एकेक करून उमटले.

"वहिनी, बघा तरी!"

"बटण कुठे आहे?"

"हे काय, समोर. केवढं मोठं आहे बघा!"

टिचकीच्या आईने कडेवरच्या टिचकीला खाली ठेवलं. बोट पुढे, जीभ बाहेर. टिच्. दिवे गेले.

"हे नको," टिचकीची आई म्हणाली.

"अहो, त्यात दोष काय आहे?" दुकानदार बुचकळ्यात पडला.

"दोष कॅबिनेटचा नाही."

दुसरं आणलं. याला पुढे झुलतं दार होतं, बटण दाराआड. टिचकीने दार उघडलं, बटण दाबलं, दार लावलं. लावलं याचं भावजींना फार कौतुक वाटलं. तिसऱ्याचं बटण बाजूला, अगदी खाली. ते तर तिने फतकल मारून बसल्या बसल्या शोधलं.

"ताई, तुम्ही कॅबिनेट बघताय की पोरीची परीक्षा घेताय?"

"परीक्षा कॅबिनेटची चालली आहे. आतापर्यंत सगळी नापास."

दुकानदार हसला. पोरंबाळं, बटणं, अशा गोष्टींत आपल्यासारख्या वयस्कर माणसाने काय लक्ष घालायचं, असा एकंदर भाव. "लहान मूल आहे. जरा लक्ष ठेवलं की झालं," असं तो म्हणाला, आणि तेवढ्यात काउंटरमागचा त्याचा बिलांचा कॉम्प्युटर विझला.

टिचकी काउंटरच्या बाजूने कधी आत शिरली, कुणालाच कळलं नव्हतं.

"गेऽऽलं!"

"अरे! सकाळपासूनची बिलं!" दुकानदार काउंटरकडे धावला, कपाळावरचा चष्मा एकदाचा नाकावर आला. कॉम्प्युटर परत सुरू होईपर्यंत तो टिचकीकडे बघत राहिला, टिचकी त्याच्याकडे. बिलं शाबूत निघाली, पण माणूस बदलला होता. त्याने बाही वर सारली.

"ताई, आता मला कळलं. थांबा तुम्ही."

मागच्या खोलीतून तो धुळीने माखलेलं एक कॅबिनेट घेऊन आला. बुटकं, काळं, एकही दिवा नाही. बटण वरच्या बाजूला, मागच्या कडेजवळ, पत्र्यात खोल बसवलेलं.

"हे तर सरकारी कचेरीतलं वाटतंय," भावजी कळवळले.

"साहेब, सप्लाय हातात घ्या." दुकानदाराने दोन्ही कॅबिनेटं उघडली, त्यांतले सप्लाय काढले आणि भावजींच्या दोन तळहातांवर ठेवले. "हा तुमच्या दिव्यावाल्यातला. हा यातला. लेबलवरचा आकडा दोन्हीकडे तोच आहे."

भावजींचा एक हात खाली गेला, दुसरा वरच राहिला. "हा रिकाम्या डब्यासारखा लागतोय!"

"लेबलवर काहीही छापता येतं. दिव्यांवर खर्च केला की आत भरायला काय उरणार?"

बुटकं कॅबिनेट काउंटरवर ठेवलं गेलं. टिचकीला समोर उभं केलं. तिने चवडे उंचावले. मग एक खोका ओढून आणला आणि त्यावर चढली. हात फिरवला, पुढून, बाजूने. काही नाही. तिने दुकानदाराकडे असं पाहिलं, जणू त्यानेच बटण खिशात घातलंय.

"पास!" दुकानदार टाळी वाजवून म्हणाला. "लोक रंग बघून घेतात, काच बघून घेतात. पोरीच्या उंचीने घेणाऱ्या तुम्हीच पहिल्या."

संध्याकाळपर्यंत भावजींनी सगळं नव्या कॅबिनेटमध्ये बसवलं. बुटकं असल्यामुळे ते टेबलावरच, भिंतीला चिकटून मावलं. पंखा शांत, पडदा लख्ख. दुसऱ्या दिवशी टिचकीच्या आईने जिना काढायला घेतला. पहिली पायरी, दुसरी पायरी.

टेबलाखालून रडं सुरू झालं.

साधंसुधं नव्हे. जिवलग कुणी परगावी गेल्यासारखं. टिचकीने टेबलाचे चारही पाय तपासले, खुर्चीखाली पाहिलं, मग आईच्या पायाला मिठी मारून गळा काढला. खेळणी नकोत, बिस्किट नको, आजोबांचा शर्टही नको. दुपार झाली तरी जिना चौथ्या पायरीवर अडलेला. पोरीला बटण सापडत नव्हतं आणि आईला जिना सापडत नव्हता.

"भावजी, काहीतरी करा. नाहीतर मी आपणहून बटण दाखवते तिला आणि काम सोडते."

सल्लागारांनी पहिल्यांदाच सल्ला दिला नाही. ते उठले, अडगळीतून जुनं कॅबिनेट आणलं. आत काही नव्हतंच, नुसता पत्रा. रिमोटमधले सेल काढले, दोन वायरी इकडच्या तिकडे जोडल्या, पाण्याने खराब झालेल्या दिव्याच्या जागी एक लाल दिवा बसवला, कडांना चिकटपट्टी लावली, सेलांवरचं झाकण स्क्रूने पक्कं केलं आणि ते खोकं टेबलाशेजारी, टिचकीच्या नाकापाशी ठेवलं.

रडं थांबलं. बोट पुढे, जीभ बाहेर. टिच्. लाल दिवा लागला.

टिचकीने वर पडद्याकडे पाहिलं. पडदा लख्खच. मग तिने आईकडे पाहिलं. ही नजर टिचकीच्या आईला ओळखीची होती. भाजीवाल्याने माप मारलं की सासूबाई अशाच बघायच्या.

खालचा ओठ थरथरायला लागला. आता पुन्हा सुरू होणार, एवढ्यात टिचकीच्या आईचा हात पडद्याच्या कडेला गेला. तिथे पडद्याचं स्वतःचं बारीक बटण होतं. दाबलं, पडदा काळा. शेजारी बुटकं कॅबिनेट आपलं चालूच होतं, जिन्याच्या एकाही पायरीला धक्का नव्हता.

"अगं बाई गं!" तिने कपाळावर हात मारला. "माझा जिना! गेलं गं सगळं!"

"गेऽऽलं!" टिचकी आनंदाने गरकन फिरली आणि बसलीच.

"वहिनी, फसवताय तुम्ही तिला," भावजी दारातून म्हणाले.

"तिने मला किती वेळा फसवलं, ते मोजा की."

मग दुपारभर तेच. पाचवी पायरी, टिच्, अगं बाई गं. सहावी, सातवी, टिच्, मेले गं मी. आई दरवेळी नवा आकांत करायची. एकदा तर ती खुर्चीवर बेशुद्ध पडली आणि टिचकीने पाय ओढून तिला शुद्धीवर आणलं. जिना वळला, मधल्या चौकापर्यंत पोचला, कठडा लागला. उन्हं उतरायच्या आत शेवटच्या पायऱ्या तेवढ्या उरल्या.

त्या शेवटच्या पायऱ्या काढताना टिचकीची आई इतकी रमली की खालून टिच् झालं तेव्हा पडद्याचं बटण दाबायचं विसरूनच गेली. नुसती वळली आणि सवयीने किंचाळली, "अगं बाई गं! माझा जिना!"

आणि मग तिच्या लक्षात आलं. पडदा तर तसाच होता, अख्ख्या जिन्यासकट झगझगीत. आता चोरी पकडली गेली.

टिचकी पडद्याकडे पाठ करून उभी होती. एक बोट अजून बटणावर, लाल दिवा पेटलेला, आणि मान वर करून ती आईच्या तोंडाकडे बघत होती. फक्त तोंडाकडे.

"गेऽऽलं!" ती म्हणाली, आणि खूश होऊन टाळ्या पिटल्या.

 टिचकीच्या आईने खाली वाकून त्या बोटाचा मुका घेतला, उरलेल्या पायऱ्या काढल्या आणि ड्रॉइंग पाठवून दिलं.

थोड्या वेळाने आर्किटेक्टबाईंचा फोन आला. "जिना छान झालाय गं! आता पुढचं पाठवू का? वाचेल ना ते?"

"पाठवा, बाई. वाचेल."

"आणि मागे हे 'गेलं, गेलं' कसलं चाललंय?"

टिचकीची आई उत्तर द्यायला तोंड उघडणार, तेवढ्यात खाली टिच् झालं. तिने फोन जरासा बाजूला धरला आणि वळून जिवाच्या आकांताने ओरडली.