पहिल्या रांगेतली सुकेशनी

फुकट ते पौष्टिक, असं लोक म्हणतात. पण गुरुजी लोकांसाठी मोबाइलवर फुकट प्रशिक्षणं सुरू झाली, तेव्हा हे पौष्टिक काही कुणाला पचेना. मग सगळ्यांनी एक तोड काढली. व्हिडिओ लावायचा, मोबाइल फडताळात ठेवून द्यायचा आणि शेवटच्या प्रश्नांची उत्तरं ग्रुपवरून उतरवायची. प्रमाणपत्र आपोआप यायचं. शिवराज गुरुजींना तर तेवढीही तसदी नव्हती. खुलताबादच्या पलीकडच्या शाळेवरून घाट उतरून पडेगावच्या घरी आले, की मोबाइल बायकोच्या हाती द्यायचा आणि आपण आंघोळीला जायचं, हा त्यांचा शिरस्ता.

बायको राजनंदिनी डी.एड. झालेली. तिच्या वेळची भरती निघणार, निघणार म्हणत राहिली, तोवर तिचं लग्न झालं. हातात खडू घेऊन वर्गात उभं राहायचं राहूनच गेलं. म्हणून नवऱ्याच्या नावावरची प्रशिक्षणं ती जीव ओतून करायची. दुधाची तहान ताकावर, दुसरं काय!

गणपतीनंतर एक प्रशिक्षण आलं, कमी ऐकू येणारं मूल कसं ओळखावं याचं. असं मूल हट्टी वाटतं, पाठीमागून हाक मारली तर वळत नाही, बोलणाऱ्याच्या तोंडाकडे टक लावून बघतं, असं त्यातल्या बाई सांगत होत्या. शेवटी वर्गातल्या अशा एका मुलावर स्वाध्याय लिहायचा होता. तुमच्याकडे आहे का असं कुणी, तिनं नवऱ्याला विचारलं. चहा पिता पिता शिवराज म्हणाले, आहे ना, मेंढपाळाची सुकेशनी. मागच्या रांगेत बसते, नुसता दगड. शिक्षा म्हणून भिंतीकडे तोंड करून उभी केली, की तेवढं मात्र मुकाट्यानं करते.

राजनंदिनी त्यांच्यासमोर येऊन बसली. तिनं नवऱ्याला परोपरीनं समजावलं. पोरीला ऐकू येत नसेल, माणसाचं तोंड दिसतं म्हणून थोडंफार कळत असेल, आणि तुम्ही नेमकं तेच तिच्यापासून काढून घेता. तिला पहिल्या रांगेत बसवा, समोर उभं राहून बोला, कान तपासून घ्या.

"अहो, एवढं कराच. माझ्यासाठी करा."

"बरं, बसवतो."

दुसऱ्या दिवशी तिनं दारातच विचारलं. बसवली, ते म्हणाले. मग हे रोजचंच झालं. आज सुकेशनी हसली. दिवाळीनंतर तिनं स्वतःचं नाव लिहिलं. संक्रांतीला तर चक्क कविता म्हटली. राजनंदिनी गॅस बारीक करून ऐकायची आणि रात्रीची भांडी झाली, की ते सगळं स्वाध्यायात लिहायची. उभ्या जन्मात तिनं शिकवलेलं हे एकच मूल. तेही उंटावरून शेळ्या हाकल्यासारखं, पण शिकत तर होतं. ती फार सुखात होती.

तो स्वाध्याय वरच्या लोकांना इतका आवडला, की केंद्रप्रमुख अप्पाराव सरांनी शिवराजचा सत्कार ठरवला. केंद्रातल्या शिक्षकांची शिक्षण परिषद भरणार होती शिवराजच्याच शाळेत. राजनंदिनी म्हणाली, मी येणार. ऊन फार आहे, घाटात मोटारसायकलवर त्रास होईल, त्या दिवशी मुलांना सुट्टीच असते, असं शिवराजनी बरंच सांगून पाहिलं. तिनं काही मनावर घेतलं नाही. पर्समध्ये रंगीत खडूंची नवी पेटी ठेवली आणि ठेवणीतली साडी नेसून मागे बसली.

भाषणं सुरू झाली तशी ती हळूच बाहेर आली. शाळेच्या हापशावर एक बाई हंडा भरत होती. राजनंदिनीनं तिला सुकेशनीचं घर विचारलं. बाईनं हंडा खाली ठेवला. ती सुकेशनीची आईच निघाली, सुगंधाबाई.

"माझीच लेक हाय. काय केलं तिनं?"

"काही नाही हो. पहिल्या रांगेत बसते ना आता? कविता म्हणते..."

सुगंधाबाईनं पदराला हात पुसले. "कोणती रांग, बाई? दिवाळीपासून शाळंतच नाय ती. गुरुजीच म्हनले, हिच्या डोक्यात काय शिरत नाय. मंग शेळ्यांमागं लावली."

कुंपणापलीकडच्या पडीक रानात पाठमोरी पोर बसली होती. सुगंधाबाईनं तिला हाक मारली नाही, वाकून खडा उचलला.

"हाक मारून उपेग नाय. लई हट्टी हाय. खडा टाकावा लागतो."

शेळी वळवायला टाकतात तसाच तो खडा पोरीच्या पायाशी पडला. धूळ उडाली तेव्हा तिनं मान वळवली, आईला बघितलं आणि पुन्हा काठीनं मातीत रेघोट्या ओढू लागली. सुगंधाबाई हंडा उचलून गेली. राजनंदिनीला रडूही येईना. बोलाचीच कढी नि बोलाचाच भात, आणि ती इतके महिने त्याच ताटावर पोटभर जेवली होती.

आत शिवराजचं नाव पुकारलं गेलं. टाळ्यांचा कडकडाट झाला. रानातल्या सगळ्या शेळ्यांनी माना वर केल्या. सुकेशनीनं नाही केली.

राजनंदिनी रानात गेली, वळसा घालून पोरीच्या समोर आली. प्रशिक्षणात शिकवलं होतं तशी उजेडाकडे तोंड करून खाली बसली, खडूंची पेटी पुढे केली आणि सावकाश म्हणाली, "सुकेशनी."

पोर तिच्या ओठांकडे बघत राहिली. मग तिची नजर चांगल्या साडीवर गेली, पर्सवर गेली, मान वळवली तशी पाठीमागच्या शाळेवर गेली, आणि शाळेनं जेवढं शिकवलं होतं तेवढं तिला आठवलं. हातातली काठी तिनं खाली ठेवली, मुकाट्यानं उठली आणि शाळेच्या भिंतीकडे तोंड करून उभी राहिली.

खांद्यावर सत्काराची शाल घेऊन शिवराज बाहेर आले. बायकोला बघितलं, पोरीला बघितलं आणि जागीच थांबले. मग जवळ येऊन हळूच म्हणाले, "तू इतकी हरखून ऐकायचीस. तुझं मन मोडवेना गं."

"हाक मारा तिला," राजनंदिनी म्हणाली.

त्यांनी हाक मारली. मग पुन्हा मारली, अगदी मोठ्यानं. पोर भिंतीकडे बघत तशीच उभी राहिली.