एका पिशवीत दोन वाण

सीताबाईने प्लास्टिकची पिशवी खिडकीपाशी धरली आणि पदराने पुसली. आतला पेंढा पांढऱ्या बुरशीने भरून आला होता, पण मधोमध पिवळट रेघ उठली होती, करगोटा बांधल्यासारखी.

"मेली काय गो ही?"

धाकटी सून मृणालीने पिशवी निरखली आणि कपाळाला हात लावला. "आई, यात दोघींचं बियाणं घातलंत?"

वळ गावातल्या एका बंद पडलेल्या पॉवरलूमच्या गाळ्यात दोघी सुना अळंबी करत. पण बियाणं जिचं तिचं, पिशव्या जिच्या तिच्या. दिवाळीपासून त्यांच्यात बोलणं नव्हतं. एकाच चुलीपाशी दोघी पाठमोऱ्या राबत आणि एकीचा निरोप दुसरीला पोचवायचं काम सीताबाईच्या गळ्यात. मी असेपर्यंत चूल एकच, असं ती गावभर सांगून बसली होती. आता म्हातारी पार थकली होती. म्हणून तिने गुपचूप ही पिशवी भरली, खाली थोरल्या ऋतिकाचं बियाणं, वर मृणालीचं. विरजण कुणाच्याही घरचं घाला, दही लागतंच; हे एकजीव झालं तर घरही होईल, असं तिने मनाशी धरलं होतं.

"दोन्ही धिंगरी अळंबीच, पण वाण वेगळे," मृणाली म्हणाली. "एकीचा तंतू दुसरीला भिडला की त्याला कळतं, हा आपला न्हाय. जिथं जुळायला जातात तिथंच मरतात. त्याची ही रेघ."

"म्हंजे फुकट गेली?"

"न्हाय. राहू दे टांगलेली."

पुढच्या आठवड्यात रेघेच्या खाली घोस फुटले, वरही फुटले. रेघ तेवढी कोरडी राहिली. सीताबाई बराच वेळ बघत बसली. मग तिने थोरल्या मुलाला हाक मारली.

"प्रितेश, धामणकर नाक्याला चाललास ना? येताना शेगडी आण. तुमची चूल मागच्या खोलीत मांडू."

"आई, तूच तर म्हणायचीस..."

"दमले रे बाबा. मी दोन्हीकडं जेवीन."

बोलताना तिला रडू फुटलं. सगळं हरल्यासारखं वाटलं.

नव्या शेगडीवर पहिलं दूध तापलं, त्या संध्याकाळी ऋतिका रिकामी वाटी घेऊन मृणालीच्या दारात उभी राहिली.

"विरजण हाय का गो?"

आत भांड्यांचा आवाज थांबला.

"हाय. दे वाटी."

ओटीवर सीताबाई अळंबी निवडत होती. तिने मान वर केली नाही.