वचनांच्या डबीची तक्रार

मी वचनांची डबी बोलतेय, आणि रागाने बोलतेय. स्वतःची कहाणी सांगणाऱ्या वस्तू सहसा नम्र असतात, हे मला ठाऊक आहे. मला ते जमणार नाही. माझ्यावर जी वेळ आली ती तुमच्यावर आली असती तर तुम्हीही झाकण आपटलं असतं.

आधी माझं रूप सांगते. तळहातावर मावेल एवढी निळी प्लॅस्टिकची डबी, वर तसंच निळं झाकण, आत जाड कागदाच्या शंभर चिठ्ठ्या. प्रत्येक चिठ्ठीवर पवित्र शास्त्रातलं एकेक वचन, आणि खाली बारीक अक्षरात ते कुठल्या पुस्तकातलं, कितव्या अध्यायातलं, याचा पत्ता. ख्रिस्ती घरांत सकाळची प्रार्थना झाली की डोळे मिटून एक चिठ्ठी काढायची, मोठ्याने वाचायची आणि तिचा धीर घेऊन दिवस काढायचा, अशी रीत आहे. रीत चांगली आहे. रीतीबद्दल माझं काही म्हणणं नाही.

माझं म्हणणं माणसांबद्दल आहे. पहिला राग, ज्यांनी माझ्या चिठ्ठ्या निवडल्या त्यांच्यावर. एवढ्या थोरल्या शास्त्रातून त्यांनी शंभर वचनं वेचली ती सगळी गोड. देव तुला सांभाळील, देव तुला देईल, देव तुला वाट दाखवील. शेजाऱ्याशी नीट वाग, खोटं बोलू नको, तुझा भाऊ रुसलाय त्याच्याकडे आधी जा, असलं एकही नाही. जे खपतं ते छापलं. म्हणजे मी जन्मतःच अर्धवट, आणि हे मला ठाऊक आहे, तरी लोक मला पूर्ण समजतात.

नाताळाच्या आधी सोलापुरात तीन दिवसांची सभा होती. मंडपाबाहेरच्या टेबलावर कॅलेंडरांच्या आणि गायनाच्या पुस्तकांच्या शेजारी मी पडून होते. तिथून बजाबाईने मला उचललं. शाळेत शिपाईण म्हणून तीस वर्षं काढलेली बाई. नवरा जेऊरला रेल्वेत होता, तो जाऊन सहा वर्षं झाली. आता शुक्रवार पेठेतल्या एका बोळात दोन खोल्यांत ती, मुलगा दिपक आणि सून चैताली राहतात. दिपक एस.टी.च्या डेपोत मेकॅनिक, चैताली एका खाजगी शाळेत शिक्षिका.

पहिलं वर्ष बरं गेलं. बजाबाई पहाटे अंघोळ करून, चष्मा लावून, मला मांडीवर घेऊन बसायची. चिठ्ठी वाचायची, ओठ हलवत राहायची. मग चिठ्ठी परत आत ठेवून चूल, म्हणजे गॅस, पेटवायची. मला तेव्हा स्वतःचा अभिमान वाटायचा. कुणाला तरी सकाळी एक धीराचा शब्द देणं, हे काम काही वाईट नाही.

मग हळूहळू माझा कौल लावणं सुरू झालं. दिपकला जुनी मोटारसायकल घ्यायची होती, काढली चिठ्ठी. चिठ्ठी आली धीर धरण्याची. "ही बरोबर हाताला लागली न्हाय," म्हणत त्याने दुसरी काढली. तीही मनासारखी नव्हती. तिसरी आली भरभराटीची. तेवढी मात्र देवाची! गाडी आली, महिन्याभरात तिचं इंजिन बसलं, आणि घरात सगळे माझ्याकडे असे बघायला लागले की जणू गाडी मीच विकली होती. स्वतः मेकॅनिक असलेल्या माणसाने इंजिन न बघता चिठ्ठी बघावी, याला काय म्हणायचं?

पण हे सगळं हसण्यावारी नेण्यासारखं होतं. पुढचं नाही.

मार्च महिना होता. एका सकाळी बजाबाई अंघोळीहून आली ती छातीशी हात धरूनच. दार लोटून घेतलं, मला मांडीवर घेतलं, पण उघडलं नाही. आधी म्हणाली, "प्रभू, हितं गाठ लागतीया. आता तूच सांग काय करू." आणि चिठ्ठी काढली.

चिठ्ठी बरं करण्याची निघाली. खरीच निघाली, मी शपथेवर सांगते. शंभरांत तशा दहा-बारा आहेत, त्यांतली एक हाताला लागली एवढंच. दुसऱ्या दिवशी निघाली ती मार्ग दाखवण्याची. तिसऱ्या दिवशी अंधाऱ्या दरीतून जातानाही सोबत असण्याची. ती चिठ्ठी बजाबाईने तीनदा वाचली. संध्याकाळी दिपक कामावरून आल्यावर म्हणाली, "दिपक, मला जरा दवाखान्यात दाखवून आन. छातीत गाठ हाय."

दिपकचा चेहरा उतरला. त्याचं कारण मला माहीत होतं, घरातल्या प्रत्येकाला माहीत होतं. वडिलांना, म्हणजे अण्णांना, ऑपरेशनला नेलं तेव्हा कागदावर सही त्यानेच केली होती आणि वडील परत आले नव्हते. तेव्हापासून तो दवाखान्याच्या रस्त्यानेसुद्धा जात नाही. तो आईला म्हणाला, "एवढी घाई कशाला? चार दिवस चिठ्ठी काढ, देव काय म्हनतो बघ. आन चैतालीला एवढ्यात सांगू नको, उगं घाबरंल." आईला वाटलं, पोराचा विश्वास वाढला.

दुसऱ्या दिवशी बजाबाई महिला मंडळाच्या प्रार्थनेला गेली, चैताली शाळेत होती. दिपकने मला खाली घेतलं आणि फरशीवर सगळ्या चिठ्ठ्या ओतल्या. एकेक वाचून दोन ढीग केले. आजार, दरी, पाणी, आग, वाट, सल्ला, धीर, भरभराट, बरं होण्याखेरीज जे जे होतं ते सगळं एका पाकिटात घातलं आणि पाकीट आपल्या हत्यारांच्या पिशवीत टाकलं. डबी रिकामी वाटू नये म्हणून तळाशी वर्तमानपत्राची घडी घातली, आणि वर माझ्यात राहिल्या बारा चिठ्ठ्या. बाराही बरं होण्याच्या आणि दीर्घायुष्याच्या.

मला तोंड असतं तर त्या दिवशी मी बोळभर ओरडले असते. वचनं खरी, एकही खोटं नाही, आणि तरी मला त्याने खोटारडी करून ठेवली!

पुढचे दोन महिने रोज तेच. बजाबाईने डोळे मिटावेत, हात घालावा, आणि बरं होण्याची चिठ्ठी निघावी. ती उजळून जायची. "रोज, बग, रोज त्येच सांगतोय," असं आरशापुढे स्वतःशीच म्हणायची. दवाखान्याचं नाव तिने सोडलं. एका रविवारी, चैताली माहेरी गेलेली असताना, उपासनेत उभी राहून तिने साक्ष दिली, की एका दुखण्याबद्दल देव माझ्याशी रोज बोलतो आहे. सगळी मंडळी आमेन म्हणाली. दिपकही म्हणाला. घरी आल्यावर हे सगळं तिने मला मांडीवर घेऊनच सांगितलं, आणि तो समोर बसून कलिंगड खात होता. त्या फोडी त्याच्या घशाखाली कशा उतरल्या, देव जाणे.

मे महिना संपत आला. सोलापुरात नळाला पाणी रोज येत नाही. आमच्या बोळात तेव्हा पाचव्या दिवशी यायचं, आणि त्या दिवशी घरातलं माणूस न् माणूस कामाला जुंपलेलं असतं. त्या सकाळीही पाणी आलं. चैताली पाइप धरून पिंपं भरत होती, बजाबाई कळशा आत नेत होती. दुसऱ्या कळशीला तिचा हात खालीच राहिला. कळशी पडली, ती भिंतीला टेकली, आणि चैतालीने तिला सावरताना काखेजवळ हात लावला.

"आई, हे काय आहे?"

"काय न्हाय. गाठ हाय. बरी हुनार हाय."

"कधीपासून?"

"झालं दोन-तीन म्हयनं."

"आणि दवाखाना?"

"चैताली, मी मनानं न्हाय म्हनत. देव सांगतोय. माझा भरवसा हाय त्याच्यावर."

चैताली हळू बोलणारी मुलगी. त्या दिवशी तिचा आवाज चढला. "पाणी देव देतो यावर पण तुमचा भरवसा आहे ना? मग ही चार पिंपं कशाला भरून ठेवताय? बसा की नळाखाली हात जोडून!"

मी फळीवरून ऐकत होते. एवढं सरळ बोलणं त्या घरात कुणीतरी पहिल्यांदाच बोललं होतं. बजाबाईने तरी मान हलवली आणि मला खाली आणलं. "हे बघ, तूच काढ. म्हंजे कळंल."

चैतालीने काढली. बरं होण्याची. परत घातली, पुन्हा काढली. बरं होण्याची. मग तिने मला उलटंच केलं. वर्तमानपत्राची घडी आणि बारा चिठ्ठ्या ओल्या फरशीवर पडल्या. तिने त्या एकेक वाचल्या आणि म्हणाली, "आई, या शंभर होत्या की."

दिपक दारात ब्रश करत उभा होता. तोंडातला फेस थुंकून तो हत्यारांच्या पिशवीपाशी गेला. आला तेव्हा हातात पाकीट होतं.

"मी काढून ठेवल्या," तो म्हणाला. "अण्णा गेले तसं हुईल म्हनून. आई, मी लई भ्यालो."

बजाबाईने पाकिटाकडे बघितलं, मग त्याच्याकडे. तिला मी एवढं संतापलेलं कधी पाहिलं नव्हतं. "भ्यालास तर भ्यालो म्हनायचं! दोगं बसून रडलो असतो. तुझ्या भ्यावर देवाची सही कशाला केलीस? चारचौघांत साक्ष दिली मी, दिपक. देवाच्या नावानं तू बोललास, आन मी आमेन म्हनले."

दिपक रडायला लागला. रडत रडतच त्याने सगळ्या चिठ्ठ्या परत माझ्यात भरल्या आणि मला तिच्यापुढे धरलं. "आता खरी काढ, आई. आता सगळ्या हायत."

आता कुठली निघेल? पुन्हा बरं होण्याचीच निघाली तर?

बजाबाईने हात घातलाच नाही. मला बाजूला सारलं, ओल्या फरशीवरच बसली आणि डोळे मिटले. "प्रभू, तू काय म्हनतोस मला म्हाईत न्हाय. मला भ्या वाटतंय. जितं न्यायचं तितं ने, पर संगं चल." एवढंच. मग डोळे उघडून सुनेला म्हणाली, "दवाखाना नवाला उघडतो न्हवं? चल. आन त्ये पिंप आदी भरून घे, पानी जाईल."

कॅन्सर निघाला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, दोन महिने आधी आला असतात तर काखेपर्यंत पसरला नसता. घरी येऊन चैतालीने हे वाक्य जसंच्या तसं सांगितलं, दिपककडे बघून. मी ते विसरलेले नाही. ऑपरेशनच्या कागदावर सही मात्र दिपकने केली. चैताली सांगत होती, सही होईपर्यंत आईने त्याचं मनगट धरलं होतं.

बजाबाईने त्याला माफ केलं. मी केलेलं नाही. ती आई आहे, मी डबी आहे, आणि ते दोन महिने माझ्या नावावर पडले आहेत.

आता मी कशी आहे, विचाराल. माझ्यात चिठ्ठ्या नाहीत. इंजेक्शनांच्या महिन्यांत बजाबाईला बाहेर जाता येत नव्हतं, तेव्हा तिने एकेक चिठ्ठी घेतली, तिच्यावरचा पत्ता शोधला आणि शास्त्रातल्या त्या त्या पानात ती ठेवून दिली. "मागं-फुडं काय लिवलंय त्ये बी वाचायला पायजे की," असं सुनेला म्हणाली. कितीतरी गोड चिठ्ठ्यांच्या मागे-पुढे कडक शब्द निघाले. ते वाचताना ती थांबायची, कपाळाला आठ्या घालायची, पण पान उलटायची नाही. आणि मोकळ्या झालेल्या डबीत तिने आपल्या गोळ्या ठेवल्या. सकाळची पांढरी, रात्रीची पिवळी. गोळी घेण्याआधी ती हात जोडते. या कामात मला कमीपणा वाटत नाही.

तुमच्या घरात माझ्या बहिणी असतील. त्यांना सकाळी उघडा, धीर घ्या, माझी ना नाही. पण जे पाऊल तुम्हाला टाकायचंय त्याची भीती त्यांच्या गळ्यात बांधू नका. भीती वाटते तर देवाला तसं सांगा. त्याला ऐकू येतं. त्यासाठी प्लॅस्टिकच्या झाकणाची गरज नाही, आणि आवडेल ते उत्तर येईपर्यंत पुन्हा पुन्हा हात घालणं याला भरवसा म्हणत नाहीत. हे मी तुम्हाला चिडून सांगतेय, कारण गोड बोलून सांगणाऱ्या शंभर चिठ्ठ्यांचा काय उपयोग झाला ते मी पाहिलंय.

परवा संध्याकाळी दिपक कामावरून आला. इकडे-तिकडे बघितलं, फळीपाशी आला आणि हळूच माझं झाकण उघडलं. डोक्याला रुमाल बांधलेली बजाबाई आतून आली.

"काय धुंडतूस?"

"काय न्हाय."

"त्यात गोळ्या हायत."

त्याने मला फळीवरून उचललं. "उद्या रिपोर्ट हाय, आई."

"मग उद्या कळंल की."

"आन वाईट आला तर?"

बजाबाईने त्याच्या हातातून मला घेतलं आणि झाकण लावलं. "तर मी आज भ्यायलेय तशी उद्या बी भीन. त्यो आज संगं हाय तसा उद्या बी असंल. हात धू, भाकरी गार व्हायलीया."

दिपकने हात धुतले आणि आईच्या शेजारी जेवायला बसला.