लाव गं!

मोठ्या बाईंनी उजवा हात कोपरापर्यंत ड्रममध्ये घातला, आत चादरींची बसलेली गाठ चाचपली आणि मागे न बघताच ओरडल्या,

“लाव गं!”

मशीनच्या पाठीमागे नुकतीच कामावर आलेली नवी उभी होती. वाफेच्या नळाची झडप तिथे, भिंतीलगत. तिथून ड्रमचं तोंड दिसत नाही. नवीने दांडा फिरवला, आत फुस्स झालं आणि मोठ्या बाईंच्या किंकाळीने अख्खी लाँड्री दचकली.

मध्ये ओल्या चादरी होत्या म्हणून हात वाचला. मनगटाच्या वरची कातडी मात्र लालबुंद होऊन टरारली. लाँड्री इस्पितळाचीच, त्यामुळे मलमपट्टीला लांब जावं लागलं नाही. पण नर्स यायच्या आतच नवी धावत आली होती आणि पांढऱ्याफटक चेहऱ्याने म्हणाली होती,

“तुम्हीच म्हणालात ना, लाव! म्हणून लावली वाफ.”

मोठ्या बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ड्रममध्ये कुणाचा हात असला की झडप लावायची, हा इथला पहिला धडा. तो शेंबड्या पोरालाही कळावा. हात भाजला तो भाजला, वर चोराच्या उलट्या बोंबा!

शहाण्याला शब्दाचा मार, असं त्या नेहमी म्हणत. त्यांची आधीची जोडीदारीण तशीच होती. “धर” म्हटलं की काय धरायचं हे तिला कळे, आणि नुसतं खाकरलं तरी ती गाडा पुढे ढकले. ती निवृत्त झाली आणि तिच्या जागी ही आली. आता हिला प्रत्येक गोष्ट पाटीवर लिहून द्यायची की काय? परवा हिने लवकर घरी जायची परवानगी मागितली. मोठ्या बाई “बघू” म्हणाल्या. ‘बघू’ म्हणजे नाही, हे जगाला ठाऊक आहे. ही खुशाल निघून गेली. दुसऱ्या दिवशी सगळ्यांसमोर तिची हजेरी घेतली, तेव्हा ती मान खाली घालून गप्प राहिली होती.

त्या गप्प राहण्याचा अर्थ मोठ्या बाईंना आता लागला. तिने राग धरला होता.

दुपारी साहेबांनी बोलावलं. केबिनबाहेरच्या बाकावर नवी मांडीवर पिशवी धरून बसली होती. मोठ्या बाईंनी तिच्याकडे पाहिलंही नाही.

“या. दार लावा तेवढं, बाहेर गोंगाट आहे,” साहेब म्हणाले.

मोठ्या बाईंनी डाव्या हाताने दार ओढून घेतलं.

“हात कसा आहे?”

“आहे जागेवर.”

“ती म्हणते, तुम्ही सांगितलंत तेच तिने केलं. मला काही उमगत नाही.” साहेबांनी खुर्ची पुढे ओढली. “एकच सांगा. चुकून झालं असेल तर समज देऊन सोडू. मुद्दाम केलं असेल तर तिला आजच घरी पाठवतो. आज हातावर निभावलं, उद्या कुणाच्या जिवावर बेतेल. इतकी वर्षं तुम्ही इथे आहात, तुमचा शब्द मला पुरे.”

तो शब्द मोठ्या बाईंच्या ओठांवर तयारच होता. साहेबांनी रुमालाने मान पुसली.

“काय उकडतंय! जरा पंखा लावा ना, बटण तुमच्या मागेच आहे.”

मोठ्या बाईंनी वळून बटण दाबलं. वरची पाती कुरकुरली आणि फिरू लागली. त्यांचं बोट बटणावरच राहिलं. त्यांनी पंख्याकडे पाहिलं, मग बंद दाराकडे.

“साहेब, मघाशी दाराचं काय म्हणालात मला?”

“लावा म्हटलं. का? लागलं नाही का नीट?”

“लागलं. दार लागलं ते बंद झालं, पंखा लागला तो सुरू झाला.”

मोठ्या बाईंनी दार उघडलं. नवी चटकन उभी राहिली.

“मी ओरडायच्या आधी झडप कशी होती गं?”

“बंद होती.” नवी म्हणाली. “तुम्ही गाठ सोडवायला निघालात तेव्हाच मी बंद केली होती. मग तुम्ही ‘लाव’ म्हणालात. मला वाटलं, हात बाहेर आला. वाफ लाव म्हणताय.”

न सांगता बंद केली होती. इतकी शहाणी जोडीदारीण शेजारी उभी होती आणि त्यांनी तिला एक अख्खं वाक्य दिलं नव्हतं. मोठ्या बाईंना शरमेने मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“आणि मी ‘बघू’ म्हणाले होते, ते?”

“मला वाटलं, बघू म्हणजे... तुम्ही माझं काम बघून घ्याल.”

“साहेब,” मोठ्या बाई वळून म्हणाल्या, “मुद्दाम काही नाही. हिला कुठेही पाठवायचं नाही. चूक माझ्या तोंडची आहे.”

दोघी खाली आल्या. गाठ अजून ड्रममध्येच होती आणि वरच्या वॉर्डातून चादरींसाठी निरोपावर निरोप येत होते. मोठ्या बाई ड्रमसमोर उभ्या राहिल्या. डावा हात उचलला, पण तो काही केल्या आत जाईना.

“सरका,” नवी म्हणाली. “मी घालते हात. तुम्ही मागे जा.”

मोठ्या बाई मशीनच्या पाठीमागे गेल्या. तिथून खरंच काही दिसत नव्हतं, नवीच्या चपलासुद्धा नाही. झडप बंद होती. तरी त्यांनी दांडा पुन्हा दाबून पाहिला.

“मावशी?” पलीकडून आवाज आला.

नुसतं ‘हं’ त्यांच्या घशाशी आलं होतं. ते त्यांनी गिळलं.

“झडप बंद आहे,” त्या मोठ्याने, एकेक शब्द सुटा करत म्हणाल्या. “बंद आहे, आणि मी तिच्याजवळच उभी आहे. तू सावकाश गाठ सोडव. हात बाहेर काढलास की ‘काढला’ म्हणून सांग. तोवर मी दांड्याला बोटसुद्धा लावणार नाही.”



“बोट लावणार नाही,” नवी म्हणाली, “म्हणजे नक्की काय?”

दुखरा हात छातीशी धरून मोठ्या बाई मनापासून हसल्या.

“अगं बाई, म्हणजे शिवणार नाही!”

“मग घालते,” नवी म्हणाली, आणि तिने हात आत घातला.